ते घड्याळ आधी काढून ठेव

बस. तिथे उन्हात नको, माटवाखाली बस. पदक पिशवीतच राहू दे. बघणार आहे मी ते, पण शेवटी. आधी मनगटावरचं ते घड्याळ काढ आणि त्या पेळेवर ठेव. दर दोन मिनिटांनी हाताला थरथर होत असली की समोरच्याचं बोलणं माणसाच्या कानात शिरत नाही. तुमच्या वेळी बाकाखाली क्रिकेटच्या स्कोअरसाठी ट्रान्झिस्टर असायचा, तो मी जप्त करत असे. हे जप्त करत नाही, महाग आहे म्हणून. नुसतं काढून ठेव.

हं. आता ही निमंत्रणपत्रिका. कागद चांगला आहे, किल्ल्याचं चित्र छान आलंय. ‘मे महिन्याचा तिसरा रविवार, सकाळी साडेसात, मालवण जेटीपासून तारकर्लीच्या रस्त्याने जाऊन परत, १० किलोमीटर.’ प्रमुख पाहुणे म्हणून माझं नाव मला न विचारता छापलंत, त्याबद्दल बोलत नाही. शिक्षकाला गृहीत धरायची जुनीच रीत आहे. मी बोलणार आहे ते ‘मे’ आणि ‘साडेसात’ या दोन शब्दांबद्दल. आणि मुंबईत गेल्या महिन्यात तुम्ही चौघांनी जे दिवे लावलेत, त्याबद्दल.

होय, कळलंय मला. तुझी आवस परवा मासळीबाजारात भेटली. ‘झिलाक जरा चक्कर इली होती, उपाशी धावलो म्हणान,’ म्हणाली. तिला तू एवढंच सांगितलंस. बाकीचं आत्ता तुम्हीच सांगितलंत, येऊन बसल्या बसल्या, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. एप्रिल संपता संपता शर्यत. २१ किलोमीटर. साडेपाचला सुटायची ती कुणा पाहुण्याची गाडी आली नाही म्हणून सव्वासहाला सुटली. अठराव्या किलोमीटरला तू डावीकडे झुकत झुकत दुभाजकाला जाऊन लागलास. पाणी द्यायला उभ्या असलेल्या पोराला विचारलंस, ‘कणकवलीची एस्टी कधी सुटतली?’ तो बिचारा बघतच राहिला.

आणि हा किस्सा तुम्ही हसत सांगितलात. तूही हसलास. मी हसलो नाही, ते तुमच्या लक्षात आलं का?

पळताना धाप लागते, पोटऱ्या आखडतात, नखं काळी पडतात, ते सगळं ठीक. माणूस त्यातून उठतो. पण पळणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला, मुंबईच्या रस्त्यावर उभा राहून कणकवलीची एस्टी शोधायला लागला, की त्याचा मेंदू तापलेला असतो. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की असं होतं. त्याला उष्माघात म्हणतात. उष्माघातात घाम बंद होतो, कातडी कोरडी पडते असं पुस्तकात वाचून तुम्ही निर्धास्त राहता. उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं तसं होत असेल. पळणारा माणूस घामाने निथळत असतानाही उष्माघाताने आडवा होतो. तू निथळतच होतास ना? म्हणूनच तुझ्या या दोस्ताला वाटलं की ‘घाम येतोय म्हणजे इंजिन चालू आहे’. आणि तो काय म्हणाला तुला? ‘तीनच किलोमीटर राहिले, खेच.’

त्याच्याकडे नंतर येतो. आधी तू. नववीला शास्त्र आणि गणित दोन्ही माझ्याकडेच होतं तुला. शास्त्रात तू पास झालास ते माझ्या दयेने, पण गणित बरं होतं. मग हा हिशेब कर. पाटी नको, तोंडीच कर.

माणसाला पळताना किलोमीटरमागे, दर किलो वजनाला साधारण एक किलोकॅलरी लागते. तुझं वजन ७०. म्हणजे किलोमीटरला ७०. त्यातली पाव हिश्श्याहून कमी ऊर्जा तुला पुढे ढकलण्यात जाते, बाकीची उष्णता होते. धर ५२. आता माणसाचं शरीर एक अंशाने तापायला किलोमागे सुमारे ०.८३ किलोकॅलरी लागतात. ७० गुणिले ०.८३, म्हणजे ५८. मग ५२ भागिले ५८ किती? ०.९. म्हणजे ही उष्णता बाहेर गेलीच नाही, तर दर किलोमीटरला तू जवळजवळ एक अंशाने तापतोस. ३७ वरून निघालास, तर पाचव्या किलोमीटरला ४१ च्या पुढे. वजन ५० असो की ९०, उत्तर तेच येतं. करून बघ, वजन वर-खाली दोन्हीकडून कटतं.

मग एकविसाव्या किलोमीटरपर्यंत माणसं जिवंत पोचतात कशी? घाम वाळतो म्हणून. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. तुझ्या २१ किलोमीटरची उष्णता अकराशेच्या आसपास, म्हणजे दोनेक लिटर घाम वाळायला हवा. वाळायला. गळायला नव्हे. कपाळावरून टपकून डांबरावर पडला तो हिशेबात धरायचा नाही, त्याने डांबर गार झालं, तू नाही. आता सांग, किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळतो का? आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये धुतलेली चड्डी सावलीत दोरीवर टाकली तर संध्याकाळी हाताला ओलसर लागते, आणि तू चालत्या अंगावरचा घाम दोन तासांत वाळवायला निघालास! वारा असता तरी थोडं समजलो असतो. तुम्ही हजारो माणसं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून पळता, वारा येणार कुठून? आणि तो तिसरा, वजन उतरवायला म्हणून प्लास्टिकचं जॅकेट घालून सराव करतो म्हणे. करू दे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो नावाचा धावपटू ऊन लागू नये म्हणून अंगाला मेण फासून पळाला होता असं सांगतात. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याला घामाचं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. तुम्हाला मी शिकवलंय, तेही दोनदा, कारण पहिल्या वेळी अर्धा वर्ग रापण ओढायला गेला होता.

रापणीचं नाव निघालंच आहे तर सांग, दांडीच्या किनाऱ्यावर भर दुपारी बाराला रापण ओढताना कुणाला पाहिलंस? उजाडायच्या आत माणसं दोरावर असतात. ऊन चढलं की होडीच्या सावलीला. पोटात उकड्या तांदळाची पेज, तिच्यात मीठ, सोबत खाऱ्याचा तुकडा. तुझा आजा ३५ वर्षं समुद्रावर गेला, मनगटाला घड्याळ न बांधता. वारा बघायचा आणि ठरवायचा, आज होडी काढायची की नाही. होडी न काढल्याची लाज त्याला कधी वाटली नाही. पावसाळ्यात दर्या बंद झाला म्हणून मालवणात कुणी रडत बसतं का? नारळी पौर्णिमेची वाट बघतात. त्या माणसाचा तू नातू. हवामानाची चार अॅप फोनवर, आणि डोक्यात एकच आकडा, दोन तासांच्या आत. काय म्हणता ते? सब-टू. घड्याळ ठोके १८५ दाखवत होतं म्हणालास आत्ताच, अभिमानाने. तुझं अंग तर अकराव्या किलोमीटरपासून सांगत होतं. अंगावर काटा आला, कानात गूं झालं, उन्हात थंडी वाजली. हे सगळं तूच सांगितलंस. उन्हात थंडी वाजली, तरी पळत राहिलास! मेल्या, शाळेत निबंध अर्धवट टाकून घरी पळायचास, तेव्हा हा निश्चय कुठे होता?

आणि ‘मी जानेवारीत पूर्ण ४२ केलं होतं’ हे मला सांगू नकोस. जानेवारीतली मुंबईची शर्यत ठाऊक आहे मला. २००४ पासून आहे ती. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत झाली, मग जानेवारीत नेली. सीएसएमटीहून अंधारात निघायचं, सी लिंकवरून वारा खायचा, परतताना पेडर रोडच्या चढावर देव आठवायचे. तिथेही नऊनंतर माणसं तापतात आणि कुरकुरतात, तीही वर्षातल्या सगळ्यात गार महिन्यात. तू तीच तयारी घेऊन एप्रिलमध्ये उतरलास. दिवसभर ऑफिसात एसी, गाडीत एसी, सराव जिममधल्या पट्ट्यावर, तिथेही एसी. उन्हाची सवय शरीराला होते, पण त्याला दहा ते चौदा दिवस रोज थोडं थोडं उन्हात खपावं लागतं. मग घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. मिरग जवळ आला की आपल्या शेतकऱ्याला हे फुकट होतं. तुला पैसे देऊन होत नाही.

२०१८ चा एप्रिल आठव. नाही आठवणार, तू तेव्हा पळत नव्हतास. लंडनच्या मॅरेथॉनला त्या वर्षी २४.१ अंश तापमान होतं, आणि ती त्या शर्यतीची तोवरची सगळ्यात उष्ण म्हणून नोंदली गेली. २४! आपल्याकडे एवढ्यावर माणसं पहाटे चादर ओढतात. पण ती पोरं हिवाळाभर बर्फात सराव करून आली होती, त्यांना तो वणवाच होता. एक तरुण त्या दिवशी गेला. तेव्हा आकडा बघून हसायचं नाही. ज्याच्या अंगाला जी सवय, त्यावर तो आकडा मोठा की लहान ते ठरतं. तू कोकणातला असलास तरी तुझं अंग आता कोकणातलं राहिलेलं नाही. वाईट वाटलं? वाटू दे.

आता हा पाणीवाला. हसू नकोस, तुझंच चाललंय. प्रत्येक टेबलावर थांबून दोन-दोन ग्लास. ‘सर, मी तर हायड्रेशन एकदम नीट केलं.’ मग शेवटी उलट्या का झाल्या? बोटं सुजून अंगठी का निघेना? घामातून मीठ गेलं आणि तू वरून नुसतं पाणी ओतत राहिलास, रक्तातलं मीठ पातळ झालं. २००२ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनला ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांच्या रक्तातला सोडियम खाली गेलेला निघाला. पाणी कमी प्यायल्याने मरतात तशी जास्त प्यायल्यानेही माणसं मेली आहेत, आणि ती बहुतेक तुझ्यासारखी सावकाश पळणारी, प्रत्येक टेबलाचा मान राखणारी. तहान लागली की प्यावं, पेजेत मीठ असावं. तुझ्या आजीला हे कुणी प्रबंध लिहून सांगितलं नव्हतं. आणि शहाळ्याने सगळं भागतं हेही डोक्यातून काढ. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडा. शहाळं पी, पण चिमूटभर मीठ तोंडात टाक.

दुसरा हा खेचणारा. पळायच्या आधी दोन वेदनाशामक गोळ्या. ‘गुडघा दुखतो म्हणून, सर.’ दुखतोय तर पळू नये, इतकं सोपं आहे ते. उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, तसल्या गोळ्या मूत्रपिंडाला जाणारं रक्त आणखी तोडतात. गुडघा सांगत होता, त्याचं तोंड तू दाबलंस. आणि मित्र बरळायला लागला तेव्हा त्याला ‘खेच’ म्हणालास. तुला राग येईल, पण या चौघांत मला सगळ्यात जास्त राग तुझाच आलाय. हा बेभान होता, भानावर तू होतास.

काय करायला हवं होतं, तेही ऐक, नाहीतर ‘सर नुसते ओरडतात’ म्हणशील. अमेरिकेत फाल्माउथ म्हणून समुद्रकाठचं गाव आहे. तिथे ऑगस्टच्या उन्हात दरवर्षी ११ किलोमीटरची शर्यत होते. अठरा वर्षांत तिथे २७४ जणांना पळता पळता उष्माघात झाला. त्यातले किती गेले? एकही नाही. कारण त्यांच्याकडे अंतिम रेषेपाशी बर्फाच्या पाण्याचे टब भरून ठेवलेले असतात. माणूस कोसळला की आधी टबात, मग रुग्णवाहिकेत. आधी गार करायचं, मग हलवायचं. तुम्ही काय केलंत? रस्त्याच्या कडेला झोपवून त्याचे तळपाय चोळलेत आणि कुणीतरी फोटो काढला. सुदैव याचं, की मासळी पोचवायला निघालेला एक टेम्पो वाहतुकीत अडकला होता आणि त्या बाबाला अक्कल होती. त्याने पेटीतला बर्फ काढून याच्या मानेवर, काखेत, जांघेत कोंबला. तू जिवंत आहेस तो बांगड्याच्या बर्फावर. पदकाच्या शेजारी त्या टेम्पोवाल्याचा फोटो लाव.

नशिबाला हात जोड, कारण सगळ्यांना टेम्पो भेटत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर दुपारच्या पुरस्काराच्या कार्यक्रमाला लाखो माणसं उघड्या मैदानात बसली होती. १४ माणसं गेली. ती पळत नव्हती, रे. नुसती बसली होती.

मोठ्या लोकांनाही हे कळायला वेळ लागतो, म्हणून तुमची चूक माफ होत नाही, पण ऐका. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसला ऑलिंपिकची मॅरेथॉन ऑगस्टच्या भर दुपारी तीनला सोडली. तापमान ३२ च्या आसपास, रस्ता धुळीचा, आणि पाणी वाटेत जवळजवळ नाहीच. पाण्यावाचून माणूस किती टिकतो ते बघायची आयोजकांना हौस होती म्हणे. ३२ जण सुटले, १४ पोचले. पहिला आलेला बराचसा रस्ता मोटारीत बसून आला होता. त्याला कॉपी पकडल्यासारखा पकडला. मग ज्याला सोनं दिलं, त्याला त्याच्या माणसांनी वाटेत पाणी नाकारून ब्रँडी, अंडं आणि कुचल्याचं विष पाजलं होतं, उत्तेजक म्हणून! तो विजेता ठरला तेव्हा त्याला उचलून न्यावं लागलं. पळताना खायच्या तुमच्या एनर्जी जेलच्या पुड्या बघितल्या की मला तो आठवतो.

आणि शंभरेक वर्षांनी? २०१९ च्या सप्टेंबरात दोहाला बायकांची जागतिक मॅरेथॉन मध्यरात्री बाराला एक मिनिट असताना सोडली, तरी ३२ अंश आणि ७० टक्क्यांच्या वर दमटपणा. आपली मे महिन्यातली रात्र. जगातल्या निवडक ६८ जणी सुटल्या, २८ जणींनी अर्ध्यात सोडली. पंधरवड्यातच व्हिएन्नाला किपचोगे या धावपटूने दोन तासांच्या आत मॅरेथॉनचं अंतर कापलं, तेव्हा दहा-अकरा अंशांची सकाळ निवडून, मुद्दाम वाट बघून. दोहा बघून ऑलिंपिकवाल्यांचे डोळे उघडले आणि टोकियोची मॅरेथॉन त्यांनी उचलून ८०० किलोमीटर उत्तरेला साप्पोरोला नेली. तिथेही २०२१ च्या ऑगस्टात इतकं तापलं की बायकांची शर्यत आदल्या रात्री ठरवून एक तास अलीकडे आणली. ऑलिंपिक एक तास अलीकडे येतं, आणि तुमचा साडेसातचा मुहूर्त हलत नाही. का? भाषणाला बोलावलेल्या मंत्र्यांना सकाळी लवकर जमत नाही म्हणून?

आता तू, बाय. इतका वेळ मागे बसलीस, एक शब्द बोलली नाहीस. हे तुला ‘डीएनएफ’, म्हणजे शर्यत अर्ध्यात सोडलेली, म्हणून चिडवतायत, ते मी मघापासून ऐकतोय. चौदाव्या किलोमीटरला डोकं हलकं झालं म्हणून थांबलीस, फूटपाथवर सावलीत बसलीस, लिंबू सरबत प्यायलीस, लोकल पकडून घरी गेलीस. पदक नाही, फोटो नाही. तुला या कानउघाडणीतून वगळलंय, पण जाऊ नकोस, बस. तुझ्यासाठी एक गोष्ट आहे.

मघाशी स्टॉकहोम म्हणालो ना, मेणवाल्याचं. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी होता. उन्हाने त्याची शुद्ध हरपत आली. रस्त्याकडेच्या एका घरच्या बागेत शिरला, त्यांनी दिलेलं प्यायला, तिथेच पडून राहिला आणि नंतर कुणाला न सांगता गावी निघून गेला. स्वीडनवाले त्याला हरवलेलाच समजत होते. त्याला खूप लाज वाटली म्हणतात. पण हा हरवलेला माणूस आठ वर्षांनी, १९२० ला, अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये पुन्हा उतरला आणि १६वा आला. आणि त्याच्या मागे, १९वा कोण आला ठाऊक आहे? आपला माणूस. आंबोली घाट चढून गेलं की पलीकडे बेळगाव, तिथला फडेप्पा चौगुले. दोन तास ५० मिनिटं. भारताने पहिल्यांदा ऑलिंपिकला संघ पाठवला, त्यातला. पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी पळणारी खेड्यातली पोरं बघून दोराबजी टाटांच्या मनात भरलं, त्यातून तो संघ उभा राहिला. चौगुल्यांबरोबर सदाशिव दातार म्हणून दुसरा मराठी पोरगाही ती मॅरेथॉन पळाला, त्याला पुरी करता आली नाही. शंभर वर्षांनी त्याचं नाव मी तुझ्यापुढे घेतोय ना? मग.

कानाकुरीचं राहिलं. १९६७ साली स्टॉकहोमवाल्यांनी त्याला सन्मानाने बोलावलं आणि राहिलेली शर्यत पूर्ण करून घेतली. तेव्हा तो ७५ वर्षांचा. वेळ लावली ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस आणि वर काही तास. मधल्या काळात लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. मेणवाल्याला यातलं काही मिळालं नाही. तुझी सात किलोमीटर राहिली आहेत. सवडीने कर.

काय रे, आता का गप्प? ‘चाकरमानी मे महिन्यातच गावी येतात, सर, डिसेंबरात कोण येणार?’ हे बरोबर बोललास. हा पहिला शहाणा मुद्दा आज. डिसेंबरात चिवल्याला समुद्रातली पोहण्याची स्पर्धा होते, तेव्हा येतात की लांबलांबची माणसं. पण ते पोहणारे. तुमच्या मंडळाला वाडीतली पोरं, सुना, मुंबईचे काका लागतात, ते आंब्याच्या वेळीच सापडणार, मान्य. आणि ती पोहण्याची स्पर्धा एकदा जाऊन नीट बघ. किती पोरं पाण्यात, आणि किती होड्या त्यांच्या बाजूने. पाण्यात माणूस बुडतो हे डोळ्यांना दिसतं, म्हणून होड्या ठेवतात. उन्हात बुडालेला उभा दिसतो.

तेव्हा पत्रिका परत घे आणि बदलून आण. १० काढ, ५ लिही. साडेसात काढ. मे मध्ये पावणेसहाला दिसायला लागतं, सहाच्या थोडं पुढे सूर्य वर येतो. पावणेसहाला सोडायची, सातपर्यंत शेवटचा माणूस चालत का होईना परत जेटीवर. साठीच्या पुढच्यांनी चालायचं. गोळ्या खाऊन आलेल्याला उभं करायचं नाही, यापासून सुरुवात करा. प्रत्येक किलोमीटरला पाणी, आणि पाण्याशेजारी मीठ घातलेलं कोकम सरबत. सरबत तुमच्या काकी करून देतील, दहा लिटर, वर मागू नका. जेटीवर दोन मोठे टब, मासळीच्या बर्फाचे. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आदल्या रात्री आणून ठेवायच्या, सकाळी पळापळ नको. आणि प्रत्येक वळणावर असा माणूस उभा कर, ज्याला पळणाऱ्याचं नाव-गाव विचारायला लाज वाटणार नाही. नाव विचारायचं, वाडी विचारायची. उत्तर चुकलं की हात धरून थांबवायचं. ते काम या मुलीकडे दे. तिला कळतं कधी थांबायचं ते.

मंत्र्यांचं भाषण शर्यत संपल्यावर. नाही जमलं तर भाषणाशिवाय.

आणि तू. त्या दिवशी तू पळायचं नाहीस. एकदा उष्माघात होऊन गेलेल्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय उन्हात उतरायचं नसतं, ते पुढच्या वर्षी बघू. तू टबाशी उभा राहशील. आणि आज घरी जाऊन आवशीला खरं काय झालं ते सांगशील, बर्फासकट. उद्या बाजारात मी तिला विचारणार आहे.

आण आता ते पदक. हं. जड आहे. पितळ असावं. ठेव आत.

मी रविवारी साडेपाचला जेटीवर हजर असेन, नारळ घेऊन. पावणेसहाला फोडीन. तोपर्यंत टब भरलेले नसले, किंवा कुणाची गाडी यायची म्हणून थांबायला लागलं, तर मी नारळ घेऊन घरी येईन आणि काकी त्याची सोलकढी करील.